रिकाम्या खोलीचा आवाज

१

परळीच्या अलीकडे असलेल्या त्या वस्तीत बायकांचा दिवस फडक्याने सुरू होतो. रात्रीतून वाऱ्यावर वीजकेंद्राची राख येते आणि जिथे जागा मिळेल तिथे बसते. ओट्यावर, हंड्यावर, शेळ्यांच्या पाठीवर. योगिता सकाळी उठली की आधी नवऱ्याचा कॅमेरा पुसायची आणि मग घर. सासरी आल्या आल्या हा क्रम तिला चमत्कारिक वाटला होता, पुढे सवय झाली.

हरिओम लग्नाची शूटिंग करून पोट भरायचा आणि उरलेल्या वेळात भुताचे सिनेमे काढून मोबाइलवर टाकायचा. त्याच्या ‘माळावरची’ने दोन वर्षांपूर्वी सगळा तालुका डोक्यावर घेतला होता. गोष्ट म्हणाल तर चार ओळींची. दिवस मावळताना कुणीतरी एकटा माळावरून निघतो, बांगड्या वाजतात, पुढे हिरव्या लुगड्यातली बाई पाठमोरी उभी असते. तो हाक मारतो, ती वळते, तो ओरडतो. शेवटी देवऋषी येऊन तिला लिंबात घालतो आणि लिंबू बाभळीला ठोकतो. दुसऱ्या भागात एवढंच झालं, फक्त तो माणूस मोटरसायकलवर होता. लोक खूश. लोकांना घाबरायचं असतं, पण ओळखीच्या गोष्टीला.

ती माळावरची म्हणजे हरिओमची आई, साखराबाई. चाळीस वर्षं त्याच माळावर शेळ्या राखलेल्या बाईला उभं राहायला काय शिकवायचं? विहिरीच्या कामावर पडल्यापासून उजवा पाय ओढत चालायची, तेही कॅमेऱ्याला लाभलं. परळीच्या बाजारात पोरं तिला बघून आयांच्या मागे लपत, आणि ते तिला मनापासून आवडायचं. आयुष्यभर जिच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही, तिला एसटीचा कंडक्टर विचारायचा, “माळावरची ना तुमी?” मग चार दिवस घरात तेवढा एकच विषय.

आणि मग हरिओम संभाजीनगरच्या कुठल्याशा महोत्सवात जाऊन आला. तिथे एका दाढीवाल्याने त्याला सांगितलं की तुमचं भूत दिसतं, म्हणून भीती वाटत नाही. झालं. तिसऱ्या भागात बांगड्या नाहीत, देवऋषी नाही, माळ नाही, भूतसुद्धा नाही. एक घर, एक मयत झालेली बाई आणि तिच्यानंतरचे दहा दिवस.

“मंग मी कुठं हुबी ऱ्हाऊ?” साखराबाईंनी विचारलं.

“तू न्हाईस, माय. पिच्चर सुरू व्हायच्या आदीच तू मेलीयस. तुजा फोटू हाय फकस्त.”

ती बराच वेळ मान हलवत राहिली. मग म्हणाली, “फोटूत पदर डोक्यावरून घिऊ का?”

योगिताला तेव्हा हसू आलं होतं. पुढे त्या हसण्याची तिला लाज वाटली.

२

शूटिंगला साखराबाईंचीच खोली घेतली. दहा बाय बाराची, पत्र्याची, एक खिडकी, एक कॉट. कॉट बाहेर काढली आणि साखराबाईंचं अंथरूण ओसरीत गेलं. भिंतीवर तिचा फोटो लावला आणि त्याला झेंडूचा हार घातला.

आपल्याकडे माणूस जिथे मरतं तिथे पीठ पसरतात, दिवा ठेवतात आणि वर टोपलं पालथं घालतात. सकाळी टोपलं उचलून पिठात कसला ठसा उमटलाय ते बघतात. माणसाचं पाऊल दिसलं की माणूस माणसाच्याच जन्माला गेलं म्हणायचं. हरिओमचा सगळा सिनेमा ह्या टोपल्याभोवती होता. पीठ उजेडात फार पांढरं दिसतं, असं कॅमेरा धरणारा अंगद म्हणाला, म्हणून चाळून राख घेतली. राखेला काय तोटा?

शेजारची मुक्ताबाई घरातली वडीलधारी बाई झाली होती. टोपलं घालताना तिने मेलेल्या बाईचं नाव घेऊन “जा आता, मागं बगू नको” असं म्हणायचं होतं. हरिओमने आधी दुसरं नाव दिलं होतं, पण त्या नावाला मुक्ताबाईच्या डोळ्यांतून पाणी येईना. “साखराबाईच म्हणा,” हरिओम म्हणाला.

“जित्या बाईचं नाव घिऊन टोपलं घालत न्हाईत, हरी.”

“सिनेमा हाय, काकू.”

“टोपल्याला काय कळतंय त्यातलं?” मुक्ताबाई पुटपुटली, पण म्हणाली. आणि रडली ती इतकी खरी रडली की अंगद कॅमेरा बंद करायचं विसरला. साखराबाई दारात उभी राहून ऐकत होती. “माय, फ्रेममदी येऊ नको,” हरिओम तिच्याकडे न बघता म्हणाला.

आवाजाचं काम योगिताचं होतं. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं होतं, हाताला तेवढं वळण होतं. शॉट संपले की ती सगळ्यांना बाहेर काढायची, दार लोटायची आणि नुसत्या खोलीचा मिनिटभर आवाज घ्यायची. रिकाम्या खोलीलाही स्वतःचा आवाज असतो, आणि तो घेतला नाही तर जोडकामात सिनेमाला भोकं पडतात.

त्या दिवशी तिने हेडफोन लावले. पत्रा उन्हाने कडकडत होता. लांब रस्त्यावर राखेचे टिप्पर चालले होते. आणि ह्या दोन्हींच्या खाली, अगदी जवळ, कुणीतरी श्वास घेत होतं. आत ओढताना नीट आणि सोडताना शेवटाला बारीक शिट्टी.

ती शिट्टी तिला पाठ होती. साखराबाईंचा दमा. भिंतीपलीकडून ती रोज ऐकायची.

योगिताने खिडकीतून पाहिलं. सासू चाळीस पावलांवर, शेळ्यांच्या पत्र्याखाली, पाला टाकत होती. माइक चांगला आहे, लांबचं ओढतो, असं योगिताने स्वतःला सांगितलं. पण मग शेळ्या का ऐकू येत नाहीत, हा प्रश्न तिने केबलबरोबर गुंडाळून ठेवला.

३

खोलीला कुलूप लागलं. काही हलायला नको, उद्याचा शॉट आजच्याशी जुळला पाहिजे. किल्ली योगिताच्या कमरेला.

दुसऱ्या दिवशी टोपलं उचलायचा शॉट होता. राखेत काहीच उमटलेलं नाही, असं दाखवायचं होतं. ठसा नाही, म्हणजे बाई कुठेच गेलेली नाही. हीच तर नव्या भागाची गंमत, असं हरिओम सगळ्यांना सांगत सुटला होता.

मुक्ताबाईने टोपलं उचललं आणि तिचा हात तसाच राहिला.

राखेत पाऊल होतं. एकच, उजवं. टाच खोल आणि टाचेमागे बोटभर ओढल्याची रेघ.

“अंगद, कशाला केलंस रं हे?” हरिओम चिडला. अंगदने आईची शपथ घेतली. मग त्याला वाटलं हरिओमनेच केलं असणार, मुद्दाम, सगळ्यांचे चेहरे खरे यावेत म्हणून. हरिओमला वाटलं अंगद खोटं बोलतोय. दोघांचं असं जुळलं आणि विषय संपला. राख सारखी करून शॉट पुन्हा घेतला.

 सासूचा पाय मोडला तेव्हा तीन महिने योगिताने त्या पायाला तेल लावलं होतं. टाचेवरची भेग आडवी जाऊन मध्येच वर वळते, हे तिला अंधारातही बोटाने सांगता आलं असतं. राखेतली भेग तशीच वळली होती.

म्हातारी खिडकीतून आली असेल, असं तिने मनाशी धरलं. खिडकीला गज होते. मग गज मोजायच्या भानगडीत ती पडली नाही. माणूस किती सहज स्वतःची समजूत घालतो, ह्याचं तिला नंतर फार आश्चर्य वाटायचं.

४

पाचव्या दिवशी खोलीतले शॉट संपले. “कुलूप ऱ्हाऊ दे,” हरिओम म्हणाला. “जोडताना काय कमी पडलं तर परत घेता यील.”

त्या दुपारी योगिता भांडी घासत होती. साखराबाई येऊन शेजारी बसली.

“योगिते, मला खोलीत जाऊ दे गं.”

“दोनचार दिस कळ काढा, आत्या. जरा काय हललं तर हे बोंबलतील.”

“हलवत न्हाई मी काय. माजं कायतरी आत ऱ्हायलंय.”

“काय ऱ्हायलं? मी आणून देते.”

साखराबाईंनी विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्या घालून. “ते ध्यानात येईना,” ती म्हणाली. “पर बाहीर मी जेवडी हाय, त्यात लई कमी वाटायलंय.”

योगिताचे हात राखेने भरले होते. तिला अजून स्वयंपाक करायचा होता आणि आठ जणांचा डबा भरायचा होता. “दोन दिस,” ती म्हणाली. सासूने मान हलवली. ती कधीच दुसऱ्यांदा मागत नसे.

मग योगिताला एकेक गोष्ट दिसायला लागली. चहा फिरायचा तो साखराबाईंना वगळून जायचा. मुद्दाम नव्हे. पहिल्या दिवसापासून ‘माय, मागं सर’, ‘माय, फ्रेममधून निघ’ ऐकून ऐकून सगळ्यांच्या नजरेला तिला टाळून जायची सवयच लागली होती. अंगद तिच्या अंगावरून केबल टाकून गेला. मुक्ताबाई तिच्या शेजारी बसून तिच्याच फोटोबद्दल हळहळली. आणि साखराबाई, जिला बाजारातली पोरं घाबरायची, ती ओसरीच्या कोपऱ्यात कुणाच्या मध्ये न येण्याचा सराव करत बसलेली असायची.

संध्याकाळी तिने शेळ्यांना हाळी दिली. चाळीस वर्षांची हाळी, ती ऐकून शेळ्या माळावरून धावत यायच्या. एकीनेही मान वळवली नाही. योगिता तिथेच होती. तिला सासूचं तोंड उघडलेलं दिसलं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसल्या. आवाज आला का? आला असावा. आपण लक्ष दिलं नसेल.

ती घरात गेली, हेडफोन लावून माइक घेऊन आली आणि सासूसमोर धरला.

“बोला की आत्या, कायबी.”

साखराबाई बोलली. चांगली दोन वाक्यं बोलली आणि शेवटी थोडं हसली. हेडफोनमध्ये शेळीच्या गळ्यातलं घुंगरू वाजलं, टिप्परने गिअर बदलला, कुणाच्यातरी घरी कुकरची शिट्टी झाली. समोर बसलेल्या बाईकडून काहीच आलं नाही. योगिताने हेडफोन काढायला हात वर नेला आणि काढलेच नाहीत. काढल्यावरही ऐकू आलं नाही तर काय, ह्या विचाराने तिचे हात तिथेच थांबले.

५

रात्रीचं जेवण व्हायच्या आधी तिने हरिओमला सगळं सांगितलं. पाऊल, भेग, हाळी. तो डबल बॅटरीचा चार्जर जुळवत ऐकत होता, म्हणजे ऐकत नव्हता. मग तिने रिकाम्या खोलीचा आवाज लावून हेडफोन त्याच्या कानावर ठेवले.

त्याचा हात थांबला. मिनिट संपलं, त्याने पुन्हा लावलं. आपल्या आईचा श्वास ओळखून हा माणूस आता उठेल, ओसरीत जाऊन तिच्याजवळ बसेल, असं योगिताला वाटलं. खरंच वाटलं.

“लई भारी हाय,” हरिओम म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. “कसं केलंस?”

“मी न्हाई केलं. त्या आत्या हायती.”

“तेच तर. भूत दाखवायचंच न्हाई, नुसतं दम लागल्यावानी ऐकू येतंय. हे सगळ्या पिच्चरभर ठेव. आन कुणाला बोलू नको.” मग जरा थांबून म्हणाला, “तुजं नाव एकटं टाकू. ध्वनी, योगिता.”

दोन भागांत तिचं नाव कुठेच नव्हतं. लोक तिला ‘हरिओमची बायको, ती माइक धरणारी’ म्हणायचे. तिने त्या रात्री श्वासाचा तो तुकडा कापला, साफ केला आणि पहिल्या शॉटखाली ठेवला. रिकामी खोली, हार घातलेला फोटो, पालथं टोपलं आणि तो श्वास. स्वतःच्याच कामाने तिच्या अंगावर काटा आला. ते काम चांगलं होतं, आणि चांगलं आहे हे तिला कळत होतं. पुढे तिने स्वतःला जे जे दोष दिले, त्यांत हाच सगळ्यात वर होता.

६

शेवटचा शॉट दहाव्याचा. गावाबाहेर तळ्याच्या कडेला पिंड ठेवायचा आणि कावळा शिवत नाही, एवढं दाखवून सिनेमा संपवायचा. देवऋषी नाही, लिंबू नाही, सुटका नाही. दाढीवाला खूश झाला असता.

टेंपोतून सगळे गेले. साखराबाईही आली, मागच्या फाळक्याला टेकून बसली. उतर, असं तिला कुणी म्हटलं नाही.

पिंड ठेवला. कठड्यावर कावळे ओळीने येऊन बसले. दहापंधरा तरी होते. एकही खाली येईना. वस्तीतले कावळे हातातली भाकरी पळवतात, आणि इथे उन्हात भात वाळत होता. अर्धा तास झाला.

“कट,” हरिओम म्हणाला. “असं मागून मिळत न्हाई. चला, आवरा.”

मुक्ताबाई उठेना. “नाव घिऊन पिंड ठिवलाय. कावळा शिवल्याबिगर उठता येत न्हाई.”

“काकू, न्हाई शिवला हाच शेवट हाय.”

“तुज्या पिच्चरचा आसंल. तिचा कशाला करतूस?” मग ती योगिताकडे वळली आणि हळू आवाजात म्हणाली, “जित्या बाईला आसं मधीच लटकत ठिवू नगंस, पोरी. तिच्या मनात काय ऱ्हायलंय ते तुला ठाव आसंल. पुरं करते म्हण. म्हणजी उठता यील.”

योगिताला ठाऊक होतं. अगदी नीट ठाऊक होतं, गेल्या चार दिवसांपासून. तिने टेंपोकडे पाहिलं. साखराबाई तिच्याकडेच बघत होती. तोंड हलत होतं.

योगिता पिंडाजवळ वाकली. “घरी चला, आत्या,” ती म्हणाली. “खोली उघडते. आजच उघडते.”

पंख फडफडले. एक कावळा तिच्या हाताजवळ उतरला आणि त्याने भातात चोच घातली. मग बाकीचे आले.

मुक्ताबाईने सुस्कारा टाकून हात जोडले. अंगद कॅमेरा बंद केल्याबद्दल स्वतःला शिव्या घालू लागला. योगिता भाताचे उडालेले कण बघत राहिली. कावळा मेलेल्यांच्या मनातलं ऐकतो. जित्या माणसाला दिलेल्या शब्दाशी त्याला काय करायचं होतं?

७

घरी पोचले तेव्हा ऊन अजून होतं. टेंपो थांबायच्या आत योगिताने उडी मारली. तिला दुसरं काही सुचत नव्हतं, फक्त कुलूप काढायचं, दार उघडं टाकायचं, कॉट आत न्यायची, फोटोचा हार काढून उकिरड्यावर फेकायचा. तिने कमरेची किल्ली काढली आणि कुलपात फिरवली. कडी सरकवली.

“योगिते?”

आतून. साखराबाईंचा आवाज, स्वच्छ, दम्याच्या शिट्टीसकट. इतक्या दिवसांनी तो कानावर पडला आणि योगिताच्या डोळ्यांत आधी पाणीच आलं.

“कुटं गेलतीस गं? चार दिस झाले मला आत ठिवून. लई हाका मारल्या.”

दार चार बोटं उघडलं होतं. फटीतून आत नुसता करडा उजेड दिसत होता, आणि खाली, उंबऱ्याला टेकलेलं एक पाऊल. राखेने भरलेलं, उजवं.

तेवढ्यात अंगणातून हरिओमचा आवाज आला. “माय, सावकाश उतर. हात दे.”

योगिताने मान वळवून पाहिलं. हरिओम आईला धरून टेंपोतून उतरवत होता. दहा दिवसांत पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे बघितलं असावं. साखराबाईंनी पाय जमिनीवर टेकला, ओढत दोन पावलं टाकली, आणि त्या ओढण्याचा जराही आवाज झाला नाही. तिने योगिताकडे बघितलं. डोकं हलवलं. नको, असं.

“उघड की पोरी,” आतून आवाज आला. “का कुनी हाय बाहीर?”

योगिताला भीती वाटली, हे खरं. पण नुसती भीती असती तर ती पळाली असती. ती पळाली नाही, तिने विचार केला. दार उघडलं तर अंगणातल्या बाईचं काय करायचं? हरिओमने हात धरला होता तिचा. ती काही मागत नव्हती, कुणाच्या मध्ये येत नव्हती, इतक्या दिवसांत तिच्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं. आणि आतलीने बाहेर येऊन बोलायला सुरुवात केली, हाका मारल्या, कुठे होतात तुम्ही सगळे असं विचारलं, तर तिला कोण उत्तर देणार होतं? आणखीही एक गोष्ट तिच्या मनात येऊन गेली, श्वासाची, पहिल्या शॉटखालची, आणि पडद्यावर येणाऱ्या स्वतःच्या नावाची. ती आलीच नव्हती असं योगिता कुणालाही सांगू शकली असती, स्वतःला सोडून.

तिने दार ओढून घेतलं. पाऊल आपण होऊन मागे सरकलं. तिने कडी घातली आणि कुलूप लावलं.

 आतून साखराबाई म्हणाली, अगदी समजुतीने, “बरं, ऱ्हाऊ दे. तुमचं शूटिंग चालू आसंल. फ्रेममदी येत न्हाई मी. झालं की सांग.”

बाहेरचा आवाज अडवायला शूटिंगच्या वेळी दाराला गोधडी बांधत, ती तिथेच पडली होती. योगिताने ती उचलली, झटकली आणि दारावर नीट ताणून बांधली.